कागदावर चढलेलं तांबं

महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या होत्या. आम्ही दोघं नवरा-बायको ओसरीपुढं बसून तांब्या-पितळेची भांडी घासत होतो. ती चिंच लावायची, मी राखेनं रगडायचो, ती खंगाळून उन्हात पालथं घालायची. तिचे गुडघे धरत म्हणून मोठी तांब्याची घागर माझ्याकडं असायची. मी घासून तिच्यापुढं धरली तर म्हणाली, "आन् ही बाजू कोण घासंल? तुमची माय?"

मी म्हणलं, "माय असती तर तिनं घागर सोडून तुलाच घासलं असतं."

ती हसली. हसता हसता दम लागला, भिंतीला टेकून बसली. मला वाटलं हसून दमली. तिच्या डोळ्यांत मी बघितलं नाही. बायकोच्या डोळ्यांत बघत बसायची आमच्या वेळेला रीत नव्हती. बघितलं असतं तर पिवळं दिसलं असतं.

दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं धड काम. दुसऱ्या दिवशी ती अंथरुणातून उठलीच नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. ही वही लेकीनं दिली. बोलता तसं लिहा म्हणाली. माझं बोलणं गोड नाही, ते घरच्यांना माहीत आहे.

कावीळ निघाली. सेनगावच्या डॉक्टरानं गोळ्या दिल्या. गावातल्या एका म्हाताऱ्यानं झाडपाल्याचा रस दिला. बायाबापड्या येऊन सांगून गेल्या की तेल बंद, हळद बंद. आमच्या घरात हळदीची पोती रचलेली आणि तिच्या वरणात हळद नाही. फुटाणे द्या, उसाचा रस द्या, लिंबू-पाणी द्या म्हणाल्या. त्यातली एक म्हणाली, तांब्यातलं पाणी काविळीला चांगलं.

पोरगा दिवसभर शेतात. सूनबाई बाळंतपणाला माहेरी. म्हणून लिंबू-पाणी मी केलं. जन्मात पहिल्यांदा केलं. किती लागतं, कशात करतात, मला ठाऊक नव्हतं. ती करायची तेव्हा कशात करायची ते मी कधी बघितलं नाही, मी फक्त पेला रिकामा करायचो. मी म्हणलं, सारखं सारखं कोण उठतंय, एकदाच करून ठेवू. नुकतीच घासलेली घागर होती. संध्याकाळी तिच्यात पाणी भरलं, आठ-दहा लिंबं पिळली, साखर टाकली, वर ताटली झाकली. सकाळी त्यातलं तिला द्यायला लागलो. सरत आलं की परत भरायचो.

पहिल्या सकाळी तिनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू लागून राहिलं वो."

मी म्हणलं, "काविळीत सगळंच कडू लागतं. पी गप."

ती प्याली. माझ्याकडं बघून प्याली. म्हणाली, "चाळीस वर्षांत एकदा सरबत केलं, आन् ते बी कडू." मग पेला पुढं केला, "द्या आजून."

चार दिवस दिलं. उलट्या दुसऱ्या दिवसापासून लागल्या. मी म्हणलं कावीळ आहे, उलट्या होणारच. पाचव्या दिवशी तिला धड बोलता येईना. तिला जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं, तिथून नांदेडला. नांदेडला दोन दिवस.

तिथला डॉक्टर तरणा होता. कागद हातात घेऊन बाहेर आला. म्हणाला, "लिव्हर फार खराब झालंय. घरी काही विषारी पोटात गेलं होतं का? एखादं औषध, पावडर?"

मी झाडपाल्याचं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. लिंबू-पाण्याचं कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. लिंबू-पाणी काय औषध आहे? पण पोरगा माझ्या पुढं सरकला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आमच्या विहिरीवर चुलता तांब्याच्या औषधाचा ड्रम धुतो. तेच पाणी आमी पितो."

डॉक्टर म्हणाला, "पाणी तपासून घ्या."

एवढंच म्हणाला. पोराच्या डोक्यात ते खिळ्यासारखं बसलं.

हे जरा उलगडून सांगायला पाहिजे. विहीर आमची आणि माझ्या चुलतभावाची सामाईक आहे. चार दिवस मोटर त्याची, चार दिवस आमची. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो. हळदीला कंदकूज लागली की तांब्याचं निळसर औषध ड्रममध्ये कालवून झाडाच्या बुडाला ओततात. आम्हीही ओततो. पण तो ड्रम विहिरीच्या काठावर धुतो, आळशी माणूस आहे. पोराचं आणि त्याचं त्यावरून दोनदा वाजलं होतं. "काका, खाली नेऊन धुवा की." "तुझा बाप बोलत न्हाई आन् तू कोण रं?" असं.

ती गेली. दहाव्याला चुलतभाऊ नदीवर आला. पोरानं सगळ्यांदेखत त्याला सांगितलं, "तुमी पिंडाला हात लावू नका." नदीवर पन्नास माणूस. तो खाली मान घालून पायऱ्या चढून गेला. मी काहीच बोललो नाही. मला वाटलं पोराचं दुःख आहे, बोलू द्यावं. खरं म्हणजे मलाही वाटत होतं की त्यानंच मारली. कोणीतरी मारली असंल तर बरं वाटतं माणसाला.

तेराव्यानंतर पोरगा पोलीस स्टेशनला अर्ज द्यायला निघाला. लेकीनं त्याचा हात धरला. लेक सेनगावला दिलेली, तिथं हायस्कूलला विज्ञान शिकवते. ती म्हणाली, "आधी पाणी तपासू. माझ्या शाळेत हुईल. पाण्यात कोणता धातू हाय ते कागदावर कळतं."

"कागदावर?"

"व्हय. लेकरांना शिकवते मी ते. रविवारी या, विहिरीचं लिटरभर पाणी घेऊन या."

शनिवारी संध्याकाळी पाणी आणायला मीच गेलो. पोरगा विहिरीवर गेला असता तर चुलत्याशी हातापायी झाली असती. पाणी आणायचं म्हणजे घागर घ्यायची, दुसरं काही सुचण्याचा प्रश्नच नव्हता. ती गेल्यापासून घागर कोपऱ्यात तशीच पडली होती, आतून हिरवट झालेली. मी तिला चिंच लावून घासली, दोनदा धुतली, विहिरीवरून भरून आणली. सकाळी त्यातलं पाणी प्लास्टिकच्या बाटलीत ओतलं आणि आम्ही बापलेक जीपमध्ये बसलो.

रविवारची शाळा मोकळी. शिपायानं प्रयोगाची खोली उघडून दिली. लेकीनं ते पाणी काचेच्या भांड्यात घालून आटवायला ठेवलं. आटता आटता एका लिटरचं चमचाभर राहिलं. पोरगा दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत होता.

"एवढं काहून आटवून राहिली?"

"विरळ पाण्यात धातू असला तरी कागदावर दिसत न्हाई. दाट करावं लागतं."

मग तिनं गाळणकागदाची रुंद पट्टी घेतली. खालच्या बाजूला शिसपेन्सिलीनं रेघ मारली. मी विचारलं पेननं काहून नाही, तर म्हणाली पेनाची शाई पण कागदावर चढते आणि घोटाळा करते. रेघेवर तीन ठिपके. एक लोखंडाच्या पाण्याचा, एक तांब्याच्या पाण्याचा, हे तिनं स्वतः केलेलं, ओळखीचं. तिसरा आमचा. केसासारख्या बारीक काचेच्या नळीनं ती ठिपका द्यायची, फुंकून वाळवायची, त्याच जागी परत द्यायची. वीसेक वेळा दिला असंल. प्रत्येक ठिपक्याखाली पेन्सिलीनं नाव लिहिलं.

मग एका उंच काचेच्या बरणीत तळाला थोडं ॲसिड आणि ॲसिटोन घालून तिनं पट्टी आत उभी टांगली, तळ नुसता भिजेल एवढी. वरून झाकण लावलं. नाकात जाईल असा वास होता.

"आता काय हुतंय?" पोरगा.

"ते कागदावर वर चढतं. चढताना धातूला सोबत घेऊन जातं. पण सगळे धातू सारखे जात न्हाईत. जीपमधले लोक कसे आपापल्या फाट्याला उतरतात, तसं. लोखंड लांब जातं, पार शेवटापर्यंत. तांबं मधातच उतरतं."

"झाकण काढून बघू?"

"हात लावला तर मार खाशील."

तासभर बसलो. ओलावा कागदावर मुंगीच्या चालीनं वर सरकत होता. रंग काहीच दिसत नव्हता, नुसता ओला कागद. मला तेव्हा हेच पाहिजे होतं की तांबं निघावं. हे लिहायला लाज वाटते, पण पाहिजे होतं.

पट्टी काढून तिनं चिमट्यानं दोरीला टांगली. वाळल्यावर फवाऱ्याच्या बाटलीतून एक फिकट पिवळं पाणी तिच्यावर मारलं. बघता बघता लोखंडाचा ठिपका वर टोकाला गडद निळा झाला. तांब्याचा मधोमध काताच्या रंगाचा. आमच्या पाण्याचा एक निळा डाग वर आला. आणि मधे, तांब्याच्या डागाच्या बरोबर ओळीत, फिका काताच्या रंगाचा डाग.

"आलं की न्हाई!" पोरगा ओरडला. त्याचा मोबाइल बाहेर आलाच होता. फोटो काढला, गावच्या ग्रुपवर टाकला. खाली काय लिहिलं ते मला नंतर कळलं: विहिरीत तांब्याचं विष.

लेक म्हणाली, "थांब की जरा." पण तोवर गेलं होतं. मग ती माझ्याकडं वळली.

"आबा, पाणी कशात काढलं व्हतं?"

"घागरीत. अजून कशात काढणार?"

"कोणत्या घागरीत?"

"तांब्याच्या. संध्याकाळी भरून ठेवली, सकाळी बाटलीत ओतली."

ती स्टुलावर बसली. "मग हे तांबं विहिरीचं म्हणायचं का घागरीचं?"

"घागरीचं तांबं पाण्यात उतरतं?"

"नुसत्या पाण्यात थोडं उतरतं. आंबट लागलं तर लई. घागर कशानं घासली व्हती?"

"चिंचेनं."

"झालं मग. सगळं पाणी वाया गेलं. आई सांगायची न्हाई का, ताक पितळेत ठेवू नका, कळकतं? तेच हाय हे."

ताकाचं मला माहीत होतं. पोरपणापासून माहीत होतं. कल्हई नसलेल्या पितळेत ताक ठेवलं तर हिरवं होतं, ते पिऊन माणसं आडवी पडतात. पण ते बायकांचं काम, बायकांचं बोलणं. लिंबाचं आणि घागरीचं माझ्या डोक्यात एकत्र आलंच नव्हतं.

मी विचारलं, "लिंबू पण?"

"लिंबू तर सगळ्यात आधी." तिनं काहून विचारता असं विचारलं नाही. भावाकडं बघत होती. "आरं, तो फोटो काढून टाक ग्रुपवरून."

"काहून काढू? तू काकाची बाजू घेऊन राहिली."

"मी पाण्याची बाजू घेऊन राहिले. पुढच्या रविवारी परत करू. काचेच्या बाटलीत, थेट विहिरीतून. तोवर अर्ज द्यायचा न्हाई. आईची शपथ हाय तुला."

शपथ घातली म्हणून पोरगा थांबला. फोटो मात्र काढला नाही.

तो आठवडा मी कसा काढला ते मला माहीत. गावात फोटो सगळ्यांनी बघितला. कागदावरचा डाग कोणाला कळला नाही, पण शाळेत तपासलं म्हणल्यावर पुरावाच झाला. चुलतभावाच्या सुनेची कळशी कोणीतरी विहिरीच्या काठावरून लोटून दिली. त्यांनी तिथं पाण्याला येणंच सोडलं. म्हैस घेऊन हापशाला जायचे, अर्धा कोस. किराणा दुकानात तो आला की लोक बोलायचे थांबायचे.

बुधवारी तो माझ्याकडं आला. घरात आला नाही, अंगणाच्या कडेला उभा राहिला. म्हणाला, "दादा, ड्रम मी धुतला. काठावर धुतला, व्हय. त्याची मला चप्पल मार. पण वयनीला मी मारलं असं तुला तरी वाटतं का?"

त्या क्षणी मला माहीत होतं. निम्मं माहीत होतं, असं म्हणा. मी काय केलं? खालची माती बघत राहिलो. तो "बरं," म्हणाला आणि गेला.

आजपर्यंत मी पुष्कळ जणांशी वाईट बोललो. न बोलून एवढं वाईट कधी केलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी पोरगा दावणीला होता तेव्हा मी घागर घेतली. तेवढंच पाणी. तेवढीच लिंबं, तेवढीच साखर. ताटली झाकून ठेवली. सकाळी उघडून पेलाभर घेतलं आणि चाखलं. चार दिवस तिला पाजलं, पण मी स्वतः एकदाही चाखलं नव्हतं. आजाऱ्याचं कोण चाखतं?

कडू. कडू म्हणजे कारल्यासारखं नाही. जिभेवर नाणं ठेवावं तसं, आणि घशात धरून राहणारं. मी थुंकून टाकलं. ती थुंकली नव्हती.

ते मी औषधाच्या एका काचेच्या बाटलीत भरलं आणि पिशवीत खाली, टॉवेलात गुंडाळून ठेवलं. मग विहिरीवर गेलो. दुसऱ्या काचेच्या बाटलीला दोरी आणि दगड बांधून सरळ पाण्यात सोडली, तीन फेऱ्यांत काचेच्या बरणीत लिटरभर पाणी पुरं केलं. चुलतभाऊ त्याच्या बांधावर उभा राहून बघत होता. मी हाक मारली नाही.

शाळेत लेकीनं विहिरीचं पाणी आटवायला ठेवलं. पोरगा बाहेर व्हरांड्यात फोनवर बोलत होता. मी टॉवेल उलगडला.

"हे पण लाव."

"काय हाय ते?"

"आधी लाव. मग सांगतो."

"आबा, नाव लिहिल्याबिगर मी ठिपका देत न्हाई. नाव नसलं तर कागद काय सांगून राहिला ते कसं कळंल? काय लिहू?"

तिच्या हातात पेन्सिल होती. तिचं बोट तिच्या आईसारखं आहे, अंगठ्याजवळ तसंच वाकडं. मी म्हणलं, "लिही. आईचं लिंबू-पाणी."

तिला कळलं नाही. मग मी सांगितलं. घागर, लिंबं, चार दिवस, उलट्या, कडू लागतं म्हणाली ते, मी काय म्हणलो ते. सगळं सांगितलं. बोलताना मी पेन्सिलीकडं बघत होतो. पेन्सिल हलत नव्हती.

मागं दारात पोरगा उभा होता. फोन कानाला तसाच. त्यानं कितवं वाक्य ऐकलं आणि कितवं नाही, मला माहीत नाही.

लेकीनं बाटली उघडली, वास घेतला, उजेडात धरली. म्हणाली, "ह्याला आटवायची गरज न्हाई. साखर जळंल, आन् तसंबी..." बाटली खाली ठेवली. रेघेवर चार ठिपके दिले. नावं लिहिली. माझ्या ठिपक्याखाली 'लिंबू-पाणी' एवढंच लिहिलं, आईचं लिहिलं नाही.

पट्टी बरणीत गेली. तो तास मला नांदेडच्या दोन दिवसांपेक्षा जड गेला.  पोरगा खिडकीत पाठ करून उभा. लेक पट्टीकडं बघत होती. बाहेर मैदानावर कोणीतरी क्रिकेट खेळत होतं, त्यांची भांडणं ऐकू येत होती. मी देवाला काहीच मागितलं नाही. काय मागणार? विहिरीत तांबं निघू दे म्हणलं तर भावाचा गळा. नको निघू म्हणलं तर माझा.

पट्टी काढली, वाळवली, फवारलं.

विहिरीच्या पाण्याचा वर एक निळा डाग आला. मधे काही नाही. लेकीनं परत फवारलं, उजेडात धरलं, उलटून बघितलं. कोरा कागद. म्हणाली, "लोखंड हाय. मोटरीच्या पाइपाचं असंल. तांबं दिसत न्हाई."

लिंबू-पाण्याच्या ठिपक्यावर मधोमध काताच्या रंगाचा डाग होता. तिच्या स्वतःच्या तांब्याच्या डागापेक्षा मोठा आणि खालपर्यंत शेपूट ओढलेला. कोणी कागदावर पान खाऊन थुंकावं तसा.

पोरगा स्टुलावर बसला. 

लेक म्हणाली, "आबा, नीट ऐका. कागद एवढंच सांगतो की तांबं हाय. बराबर किती ते सांगत न्हाई. आन् आई त्यानंच गेली का, हे तर कोणताच कागद सांगणार न्हाई. तिचं लिव्हर आधीच गेलं व्हतं. तुमी घागर घासत व्हता तवाच ती पिवळी असंल."

"मला समजावू नको."

"समजावून न्हाई राहिले. ह्या पाण्यानं उलट्या वाढल्या असतील, ते बी खरं हाय. दोन्ही खरं हाय."

मग ती रडली. आईच्या मौतीला रडली नव्हती एवढी रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो आणि मधेच थांबलो. माझा हात आता कोणाच्या पाठीवर ठेवण्यासारखा आहे का, तेच मला कळेना. तिनंच तो ओढून घेतला.

परत येताना जीप भरलेली होती म्हणून पोरगा बोलला नाही. गावच्या फाट्यावर उतरलो, चालायला लागलो, तेव्हा म्हणाला, "म्या ग्रुपवर टाकतो, परत तपासलं, विहीर साफ हाय."

"टाक."

"काकाचे पाय धरतो. अर्ज फाडतो. पण आबा, घागरीचं कोणाला सांगायचं काम न्हाई."

"मग पहिल्यांदा तांबं कुठून आलं, विचारतील."

"विचारू द्या. म्हणू मशीन चुकली."

"मशीन कुठं व्हती? कागद व्हता."

"आबा!" तो रस्त्यातच थांबला. "लोक काय म्हणतील ते ठावं हाय ना? म्हाताऱ्यानं म्हातारीला..."  मग हळू म्हणाला, "आई तर गेली. तुमाला पण गावात तोंड दाखवायला जागा ठेवायची न्हाई का?"

पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याला बापाची काळजी होती. पण मशीन चुकली म्हणलं की लोक काय म्हणणार? बापलेकांनी भावकी म्हणून पांघरूण घातलं. चुलतभावावरचा डाग निम्मा पुसला जाईल, निम्मा राहील. पाणी साफ आहे एवढ्यानं तो मोकळा होत नव्हता. तिच्या पोटात तांबं कोणी घातलं, ते सांगितल्याशिवाय होत नव्हता. आणि ते सांगणारा गावात एकच माणूस होता.

 घरी आलो, भाकर खाल्ली, पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध डेअरीवर गेलो. सकाळी सगळं गाव तिथंच असतं, हातात कॅन घेऊन रांगेत. आमची म्हैस आटलेली, माझ्या हातात काहीच नव्हतं. तरी रांगेत उभा राहिलो. चुलतभाऊ माझ्यापुढं पाच-सहा माणसं सोडून होता. त्याच्या पुढं-मागं लोकांनी हातभर जागा सोडली होती.

दूध मोजणारा म्हणाला, "आबा, कॅन कुठाय?"

मी म्हणलं, "कॅन न्हाई. बोलायचं हाय."

"इथं?"

"इथंच."

मी रांगेतून बाहेर निघालो, काट्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं. विहिरीत तांबं नाही. माझ्या भावानं काही केलेलं नाही. तांबं घागरीचं होतं. घागरीत लिंबू-पाणी करून मी चार दिवस माझ्या बायकोला पाजलं, ती कडू लागतं म्हणाली तरी पाजलं. बुधवारी माझा भाऊ माझ्या अंगणात येऊन विचारत होता तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

एवढं बोलायला किती वेळ लागला असंल? कॅन भरून सांडायला लागला तरी दूध मोजणाऱ्याचं लक्ष नव्हतं.

चुलतभाऊ आपला नंबर आला तसा पुढं आला. दूध घातलं, चिठ्ठी घेतली. माझ्याजवळून जाताना थांबला.

"आठ दिवस गप बसला तू."

"बसलो."

"म्हैस हापशाला नेत व्हतो मी. तू बघत व्हता."

"बघत व्हतो."

तो मान हलवत निघून गेला. माफ केलं असं म्हणाला नाही. त्यानं म्हणावं असं मलाही वाटत नव्हतं.

मी तिथंच उभा राहिलो. लोकांना विचारायचं होतं. एका म्हातारीनं विचारलं, आमच्याकडं बी तांब्याचा हंडा हाय, पाणी ठेवायचं का न्हाई? मी म्हणलं पाणी ठेव, आंबट ठेवू नको. एकानं विचारलं, आबा, खरंच त्यानंच गेली का? मी म्हणलं, सांगता येत न्हाई, पण पाजलं ते मी. एकानं काहीच विचारलं नाही, नुसतं बघून गेला. रांग संपेपर्यंत, शेवटचा कॅन मोजून होईपर्यंत मी उभा होतो, आणि ज्यानं विचारलं त्याला उत्तर दिलं.